आडवळणी विमानतळावर उतरलेलं मोठं विमान परत कसं काढतात?

उजळाईवाडीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मोठं विमान वाट बदलून भलत्याच गावी उतरलं की बातमी 'सर्व प्रवासी सुखरूप' या ओळीवर थांबते. ती दोनअडीचशे माणसं तिथून कशी निघाली आणि ते विमान कुणी, कशाने दुरुस्त करून नेलं, हे मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा.

दोन घटनांपासून सुरुवात करतो. ६ जून २०२३ रोजी एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को बोइंग ७७७ एका इंजिनाच्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदानला उतरलं. २१६ प्रवासी, १६ कर्मचारी. मगदानमध्ये एअर इंडियाचा एकही माणूस नेमलेला नव्हता. काही प्रवाशांची सोय शाळेत, जमिनीवर गाद्या टाकून करावी लागली. मुंबईहून दुसरं ७७७ खाण्यापिण्याचं सामान भरून निघालं आणि ८ जूनला प्रवासी एकदाचे सॅन फ्रान्सिस्कोला पोचले.

दुसरी घटना आपल्या आणखी जवळची. २ एप्रिल २०२५ रोजी व्हर्जिन अटलांटिकचं लंडन–मुंबई विमान एका प्रवाशाची तब्येत बिघडल्यामुळे तुर्कस्तानातल्या दियारबाकीरला उतरलं, आणि उतरताना विमानातच बिघाड झाला. अडीचशेहून जास्त माणसं, त्यात कितीतरी आपल्याकडची, चाळीस तासांहून अधिक काळ तिथं अडकली. दियारबाकीरची धावपट्टी चांगली लांबलचक आहे, तिथून लढाऊ विमानं उडतात. पण एवढ्या परदेशी प्रवाशांना उतरवून घ्यायची, झोपवायची, बाहेर सोडायची तयारी तिथं नव्हती.

सगळं वाचून माझं मत असं झालंय की धावपट्टीची लांबी हा यातला सोपा भाग. घोडं अडतं ते जमिनीवरच्या सामानापाशी, कागदपत्रांपाशी आणि माणसांपाशी. जाणकारांनी भर घालावी.

---

रंकाळाकाठ

चांगला विषय. माझा भोळा प्रश्न: दुसरं विमान पाठवायला दीडदोन दिवस का लागतात? एसटी बंद पडली तर मागची गाडी तासाभरात येते.

---

निवृत्त_एएमई

मी मुंबईत लाइन मेंटेनन्सला, म्हणजे विमानांच्या रोजच्या देखभालीला होतो, आता फुलेवाडीत असतो. मला जमेल तेवढं सांगतो.

ताई, रिकामं ७७७ कुणाकडेच उभं नसतं. प्रत्येक विमानाचं पुढचे कित्येक दिवसांचं वेळापत्रक बांधलेलं असतं. म्हणजे एक विमान उचलायचं तर दुसऱ्या कुठल्या तरी गावची फेरी रद्द करायची आणि तिथल्या प्रवाशांच्या शिव्या खायच्या. मग वैमानिक. त्यांच्या ड्युटीच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. जाणाऱ्या संचाचे तास तिथं पोचेपर्यंतच संपत येतात, म्हणून दोन संच न्यायचे, नाहीतर अडकलेल्या विमानाच्या वैमानिकांची विश्रांती पुरी होईपर्यंत थांबायचं. त्यावर ज्या देशात उतरायचं त्याची उतरायची परवानगी, वाटेतल्या देशांची हद्द ओलांडायची परवानगी. इंधनाचे पैसे कोण देणार, कुठल्या खात्यातून, हा तर दर वेळचा घोळ. जिथं कंपनीचं खातंच नाही तिथला पंपवाला आधी पैशांची हमी मागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

मगदानच्या वेळी आणखी एक अडचण होती. रशियावर अमेरिकेचे निर्बंध आणि विमान अमेरिकी बनावटीचं. असल्या ठिकाणी एखादा सुटा भाग पाठवायचा तरी वकिलांना विचारावं लागतं. नॉर्वेजियन कंपनीचं नवंकोरं ७३७ मॅक्स १४ डिसेंबर २०१८ ला इराणमधल्या शिराझला उतरलं. प्रवासी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानाने गेले, पण ते विमान तिथून हललं २२ फेब्रुवारी २०१९ ला. अमेरिकी सुटे भाग इराणमध्ये न्यायला परवाना लागतो, तिथं गाडं अडलं.

---

कागलकर

काका, उद्या आपल्याच कोल्हापूरच्या विमानतळावर एअरबस ३२० आलं तर? धावपट्टी आता वाढवलीय की. आलं, उतरलं, दुरुस्त झालं, गेलं. त्यात काय एवढं?

---

निवृत्त_एएमई

कागलकर, तुमच्याच उदाहरणावर बोलू. आपली धावपट्टी १३७० मीटरची होती, ती १९३० पर्यंत नेली, २३०० चं नियोजन आहे. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. ३२० रिकामं-हलकं असेल तर एवढ्या लांबीत उतरूही शकतं आणि उडूही शकतं. पूर्ण भरलेलं मात्र एप्रिल-मेच्या दुपारी इथून उठवणं कठीण, कारण उंचीवरची तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो. मग करायचं काय? माणसं आणि सामान रस्त्याने बेळगाव किंवा पुण्याला पाठवायचं, विमानात जवळच्या मोठ्या विमानतळापुरतं इंधन ठेवायचं आणि फक्त वैमानिकांना घेऊन उडवायचं. याला फेरी फ्लाइट म्हणतात. बिघाड पूर्ण दुरुस्त न होता उडवायचं असेल तर डीजीसीएकडून, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडून, खास परवानगी काढावी लागते.

हे झालं उड्डाणाचं. त्याआधी माणसं खाली कशी उतरवणार? एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानाचा मागचा दरवाजा हाच जिना असतो, उघडला की पायऱ्या जमिनीला टेकतात. ३२० चा दरवाजा जमिनीपासून साडेतीन मीटरच्या आसपास. ७७७ चा पाच मीटरच्या घरात. जिथं फक्त छोटी विमानं येतात तिथं तेवढा उंच जिना असेलच असं नाही. 'मग आपत्कालीन घसरगुंडी उघडा' असं कुणीतरी म्हणतंच. ती एकदा फुगवली की तो दरवाजा कामातून गेला, नवी बसवेपर्यंत विमान पूर्ण भरून उडवता येत नाही. आणि घसरगुंडीवरून उतरताना हातपाय मोडतात. आग किंवा धूर असल्याशिवाय तिला हात लावू नये.

मग टोबार. विमान मागे ढकलायचं किंवा ओढायचं तर पुढच्या चाकाला लांब लोखंडी दांडा जोडतात. उसाची ट्रॉली कुठल्याही ट्रॅक्टरला लागते, टोबारचं तसं नाही. एटीआरचा दांडा ३२० ला बसत नाही, ३२० चा ७७७ ला नाही. त्यात एक शिअर पिन असते. जोर जास्त झाला की पिन तुटते आणि विमानाचं पुढचं चाक वाचतं. 'हाताशी आहे ते जोडा' केलं तर हजार रुपयांची पिन वाचवायला जाऊन अख्खा नोज गिअर घालवून बसाल.

आणि शेवटी सही. विमान दुरुस्त झालं हे कागदावर लिहून सही करणारा इंजिनिअर त्या जातीच्या विमानासाठी परवानाधारक लागतो. एटीआरवर वीस वर्षं हात बसलेला माणूस ३२० वर सही करू शकत नाही. म्हणजे नुसता सेन्सर बदलायचा असला तरी माणूस पुण्या-मुंबईहून येणार, सोबत हत्यारं आणणार, आणि हत्यारांच्या तपासणीच्या तारखासुद्धा चालू असायला हव्यात.

---

कागलकर

जिन्याचा विचार खरंच डोक्यात आला नव्हता. धन्यवाद काका.

---

शिरोली_फौंड्री

इंजिन बदलायचं झालं तर क्रेन कुठनं आणायची? आपल्याकडं गोकुळ शिरगावला पाहिजे तेवढ्या हायड्रा क्रेनी हायत. ट्रेलरबी मिळतील. वजन किती असतंय?

---

निवृत्त_एएमई

३२० वर लागणारं सीएफएम ५६ साधारण २.४ टनांचं. वजन तुमच्यासाठी काहीच नाही, पण साध्या ट्रेलरवर टाकून आणायचं नाही. इंजिन फिरत नसताना धक्के बसले तर बेअरिंगवर खुणा पडतात. म्हणून धक्के शोषणाऱ्या स्टँडवर बांधून, एअर सस्पेन्शनच्या गाडीने, सावकाश. क्रेनही बहुधा लागत नाही. पंखाखाली ज्या पायलॉनला इंजिन लटकतं त्यालाच बूटस्ट्रॅप नावाचा सांगाडा बसवतात आणि साखळीच्या हॉइस्टने जुनं खाली, नवं वर. चार ठिकाणचा ताण सतत मोजत, मिलिमीटर मिलिमीटरने. तुमच्या फौंड्रीतला मुरलेला फिटर हे काम बघत राहील, इतकं ते सुंदर असतं.

मोठ्या इंजिनाची गोष्ट वेगळी. १ फेब्रुवारी २०१७ ला स्विस कंपनीचं झुरिक–लॉस एंजेलिस ७७७ एक इंजिन बंद पडल्याने कॅनडाच्या उत्तरेला इकालुइटला उतरलं. प्रवाशांना दुसरं विमान येऊन घेऊन गेलं. पण जीई ९० इंजिन साडेआठ टनांहून जड, त्याच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर. ते अख्खंच्या अख्खं पोटात घेणारी मालवाहू विमानं जगात मोजकी. अँटोनोव्ह १२४ ने ते तिथं आणलं. हँगर नव्हता. हाडं गोठवणाऱ्या थंडीत इंजिनाभोवती तंबू ठोकला, गरम हवेचे हीटर लावले आणि उघड्यावर इंजिन बदललं. सुमारे आठवड्याभरात विमान परत गेलं. त्या थंडीत हातमोजे घालून नट धरता येत नाही आणि काढले तर बोटं काम करत नाहीत. त्या पोरांचं मला फार कौतुक आहे.

---

उजळाईवाडीकर

काका, त्याच वर्षीची गूझ बेची घटनाही इथं नोंदवतो. ३० सप्टेंबर २०१७ ला एअर फ्रान्सच्या पॅरिस–लॉस एंजेलिस ए३८० चं एक इंजिन ग्रीनलँडवर फुटलं. विमान कॅनडातल्या गूझ बेला उतरलं. ४९७ प्रवासी आणि २४ कर्मचारी. एवढ्या माणसांना उतरवून ठेवायची सोय नसल्याने त्यांना पर्यायी विमानं येईपर्यंत बरेच तास विमानातच बसावं लागलं. रिकामं विमान मात्र दोन महिन्यांहून जास्त काळ तिथंच होतं. फुटलेल्या इंजिनाच्या जागी दुसरं इंजिन बसवलं, पण ते चालू न करता उरलेल्या तीन इंजिनांवर ६ डिसेंबरला पॅरिसला नेलं.

त्या इंजिनाचा पंख्याचा टायटॅनियमचा मधला भाग ग्रीनलँडच्या बर्फात पडला होता. तो शोधून काढायला २०१९ चा उन्हाळा उजाडावा लागला. तो सापडला म्हणून धातूला तडा कसा गेला याचा छडा लागला. विमान परत आणणं एवढ्यावर काम संपत नाही, हे यावरून कळतं.

---

जुनी_पेठ

आपल्या मुंबईतलं जुनं उदाहरण कुणी दिलं नाही अजून. १५ जुलै १९५३ ला बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. नऊ दिवसांनी, हलकं करून, तिथून उडवलं आणि शेजारच्या सांताक्रूझला नेलं. पुढे २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली. ते धावपट्टीच्या पुढे गेलं आणि भंगारात निघालं. अंतर इनमीन काही किलोमीटर, पण एक विमान उडून गेलं आणि एक कायमचं तिथंच संपलं.

आणि उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी बांधून घेतला, १९३९ पासूनचा आहे, हे नव्या मुलांना माहीत असावं म्हणून सांगतो.

---

पन्हाळ्याचं_धुकं

जुनी पेठ साहेब, यात रशियातल्या इझ्माचा उल्लेख व्हायलाच हवा. ७ सप्टेंबर २०१० ला अलरोसा कंपनीच्या टुपोलेव्ह १५४ ची सगळी वीज गेली. ८१ माणसं. खाली जंगल. तिथं इझ्मा नावाची धावपट्टी होती, विमानांसाठी कधीच बंद केलेली, फक्त हेलिकॉप्टर उतरायची. सर्गेई सोत्निकोव्ह नावाचा तिथला माणूस कुणी न सांगता बारा वर्षं ती झाडून-पुसून ठेवत होता, झाडझुडूप वाढू देत नव्हता, कुणाला लाकडं टाकू देत नव्हता. विमान धावपट्टी संपून झाडीत घुसलं, पण एकालाही खरचटलं नाही. आणि धाग्याच्या विषयाचं म्हणजे, ते विमान तिथंच डागडुजी करून मार्च २०११ मध्ये त्याच आखूड धावपट्टीवरून उडवलं.

वैमानिकांना देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला, तो योग्यच. पण मी सोत्निकोव्हला त्यांच्या बरोबरीने मानतो.

---

शिरोली_फौंड्री

बारा वर्षं! कुणी इचारणार नसताना! मानलं त्या माणसाला.

---

निवृत्त_एएमई

+१. उडवून नेण्यातलं माझं आवडतं उदाहरण न्यू ऑर्लिन्सचं. २४ मे १९८८, टाका (TACA) या विमान कंपनीचं ७३७, गारपिटीत दोन्ही इंजिनं बंद. वैमानिकाने ते बांधाच्या गवतावर उतरवलं. आधी पंख काढून बार्जवरून न्यायचा विचार होता. शेवटी जागेवरच इंजिन बदललं, शेजारी नासाच्या आवारात ओढून नेलं आणि जुन्या धावपट्टीवर बांधलेल्या रस्त्यावरून कमीत कमी इंधनात उडवलं. दर वेळी असं जमत नाही. सायबेरियात सप्टेंबर २०२३ ला गव्हाच्या शेतात उतरलेलं उरल एअरलाइन्सचं ३२० उडवून न्यायचं ठरलं होतं, ते बारगळलं आणि विमान सुटं करावं लागलं.

---

कागलकर

मग प्रत्येक छोट्या विमानतळावर ही सगळी सामग्री ठेवायला सरकारनं पैसे द्यावेत की नको? मला तर वाटतं द्यावेत.

---

निवृत्त_एएमई

सगळी नको. चिखलात रुतलेलं विमान उचलायच्या हवेच्या उशा, जॅक, पोलादी पत्रे हे संच अवाढव्य असतात आणि वर्षानुवर्षं पडून राहतात. २०१९ मध्ये असा संच मुंबईत एअर इंडियाकडे होता, लागेल तिथं नेत. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात मुंबईची मुख्य धावपट्टी ओलांडून स्पाइसजेटचं ७३७ चिखलात गेलं. संच त्याच शहरात असूनही धावपट्टी मोकळी व्हायला ५ जुलै उजाडला. चिखलात जड गाडी नेली की तीच रुतते, म्हणून आधी खडीचा रस्ता करावा लागतो. घाई केली तर विमानाचा सांगाडा वाकतो.

छोट्या विमानतळावर असावं ते उंच जिना, दोनतीन जातींचे टोबार, जमिनीवरून वीज देणारं युनिट आणि इंजिन सुरू करायला दाबाची हवा देणारं यंत्र. शेपटीतलं छोटं इंजिन बंद असेल तर या शेवटच्या दोन गोष्टींशिवाय धडधाकट विमानही जागचं हलत नाही. यांना फार पैसे लागत नाहीत.

---

रंकाळाकाठ

यंत्रांबद्दल छान कळलं. पण मला माणसांबद्दल बोलायचंय. माझी मावसबहीण दोन लहान मुलांसह अशाच वळवलेल्या विमानात होती, कंपनीचं नाव घेत नाही. जागा, जेवण याचं तिला काही वाटलं नाही. तिला राग आला तो कुणीच काही सांगत नव्हतं याचा. दर तासाला 'अजून अर्धा तास'. बाळाचं दूध चेक-इन बॅगेत, बॅग विमानाच्या पोटात. 'विमान आज निघणार नाही' एवढं वेळेवर सांगितलं असतं तरी तिने काही सोय केली असती.

---

उजळाईवाडीकर

ताई, तुम्ही धाग्याच्या गाभ्यालाच हात घातलात. बॅगा पोटात राहण्याचं कारण असं की मोठ्या विमानात त्या कंटेनरमध्ये असतात, आणि कंटेनर उतरवायला हाय-लोडर लागतो. तो नसेल तर बॅगा दिसतात पण मिळत नाहीत. औषधं आणि बाळाचं खाणं कायम हातातल्या पिशवीत ठेवावं.

पण माहिती द्यायला कुठलंच यंत्र लागत नाही. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा कॅनडातल्या गँडर या जेमतेम दहा हजार वस्तीच्या गावी ३८ मोठी विमानं उतरली. साडेसहा हजारांहून जास्त माणसं. बॅगा विमानातच. गावाने शाळा, चर्च, घरं उघडली, औषधांच्या दुकानदारांनी परदेशी चिठ्ठ्यांवरची औषधं शोधून दिली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हा अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरांना आपल्या गावांनी जेवायला घातलं, ते आपण पाहिलंय. जोतिबाच्या यात्रेत लाखोंच्या पंगती उठतात. दोनशे माणसांना जेवू घालणं कोल्हापूरला कधीच जड जाणार नाही. फोन कुणी कुणाला करायचा, बसेस कोण सांगणार, प्रवाशांशी कोण बोलणार, एवढं आधी लिहून ठेवलेलं असलं पाहिजे.

---

जुनी_पेठ

परदेशातून येणारं विमान असेल तर जेवू घालायलाही अडचण. जिथं इमिग्रेशन-कस्टम्स नाही तिथं प्रवासी कायद्याने बाहेर पडू शकत नाहीत. दियारबाकीरला तेच झालं असणार.

---

कागलकर

या सगळ्याचा खर्च विमा देतो का?

---

निवृत्त_एएमई

अपघातात विमानाचं नुकसान झालं तर विमा. नुसतं यंत्र बिघडलं तर विमानाच्या विम्यात ते सहसा बसत नाही, कंपनीच्या खिशातून जातं. दुसरं विमान, हॉटेल, अँटोनोव्ह, पार्किंग, सगळं. म्हणून कंपन्या इंजिनांचा ताप, तेलाचा दाब, कंप हे उडत्या विमानातून सतत मागवून बघत बसतात. आडवळणी गावी उतरायची वेळ येण्याआधीच इंजिन काढलेलं स्वस्त पडतं.

---

उजळाईवाडीकर

मी विमानतळाच्या सल्लागार समितीला पत्र लिहितोय. मागण्या चारच: उंच जिना, टोबार, वीज आणि हवेची यंत्रं, आणि माणसांसाठी लेखी आराखडा. मसुदा उद्या इथंच टाकतो, काकांनी तांत्रिक भाग तपासून द्यावा.

---

शिरोली_फौंड्री

जिना तर आमच्या एमआयडीसीत बनंल. काका, ड्रॉइंग मिळंल का?

---

निवृत्त_एएमई

मान्यताप्राप्त डिझाइनच लागेल, पण फॅब्रिकेशन तुमच्या आवाक्यातलं आहे. दोन गोष्टी आत्ताच लक्षात ठेवा. वरच्या टोकाला, विमानाला टेकतो तिथं, मऊ रबर हवं, कारण विमानाच्या पत्र्यावर बोटभर ओरखडा आला तरी तपासणी होते. आणि उंची हायड्रॉलिकने कमीजास्त व्हायला हवी. माणसं आणि सामान उतरू लागलं की चाकांवरचे शॉक अब्सॉर्बर ताणतात आणि विमान हळूहळू वर उचललं जातं. जिना जागेवर तसाच ठेवला तर शेवटच्या प्रवाशाला उंबऱ्यावरून खाली पाय टाकावा लागतो, आणि शेवटी उतरतात ती बहुतेक म्हातारी माणसं.